हातचा एक

फालेओलोच्या विमानतळावर मी वजनकाट्यापाशी उभा असतो.
आधी सामान, मग माणूस.
छोटं विमान, दोन पंख्यांचं,
त्याला आकडा खरा सांगावा लागतो.
म्हणून आपियातल्या निम्म्या बायकांची वजनं मला ठाऊक आहेत
आणि बाजारातून मी खाली मान घालून जातो.

लोक विचारतात : पांगो पांगो किती लांब?
दीडशे किलोमीटर, थोडं इकडेतिकडे.
वेळ किती?
पस्तीस मिनिटं. वारा अंगावर आला तर चाळीस.
आणि पोचणार कधी?
काल.

नवखा असेल तर हसतो.
मग तिकिटावरची तारीख बघतो, मग हसत नाही.
घड्याळाला हात लावू नका, मी सांगतो,
काटे बरोबरच असतील.
वजाबाकीत घेतात तसा एक दिवस हातचा मिळेल,
येताना तो ठेवून यायचा.

मध्ये समुद्रावर रेघ आहे म्हणतात.
मी दोनदा पाहिलं, काचेला नाक लावून.
पाणीच होतं.

पूर्वी आम्हीही त्याच अंगाला होतो.
मग वर कुणीतरी ठरवलं,
आणि डिसेंबरातला एक शुक्रवार
आख्ख्या बेटानं न जगता ओलांडला.
गुरुवारी रात्री झोपलो, उठलो तो शनिवार.
माझा फिलेमोनी त्याच तारखेचा,
तेव्हा सात पूर्ण होणार होता.
केक कधी कापायचा यावरून बायकोचं आणि माझं
जे वाजलं, ते त्याला मिशा फुटल्या तरी पुरतं मिटलेलं नाही.

असो. लेपेका आली तो मंगळवार.
काळे कपडे, काखेत गुंडाळलेली बारीक विणीची चटई,
हातात कोकोची पिशवी.
तिच्या बहिणीचा, फेतुआओचा, नवरा गेला होता,
टूनाच्या कारखान्यात होता तो.
माती सोमवारी, दुपारी.
लेपेका, म्हटलं, आज मंगळवार.
ती म्हणाली, इथला संपला रे,
तिकडे सोमवार अजून शिल्लक आहे.
आणि चपला काढून काट्यावर चढली
कुणाच्या घरात शिरावं तशी.

आकडा जास्त भरला.
कोको माझ्याकडे ठेवला तिनं. चटईला हात लावू दिला नाही.

बुधवारी परतली.
तिकडून मंगळवारी निघालेली, पस्तीसच मिनिटं लागली.
चटई नव्हती.
उतरणाऱ्याचं वजन घेत नाही आम्ही,
तरी ती येऊन काट्यावर उभी राहिली,
आकड्याकडे न बघता बोलत होती :
मला दोन सोमवार मिळाले.
एकात चादरी धुतल्या.
दुसऱ्यात त्याला पुरला.
फेतुआओ म्हणत होती, तू कालच का नाही आलीस?
काय सांगणार तिला.

मी कोकोची पिशवी पुढे केली.
राहू दे, म्हणाली, तीच येणार आहे इकडे, तिला दे.
कधी?
परवा.
कुठला परवा, इथला की तिथला?
तिकडचा परवा म्हणजे इकडचा तेरवा,
आणि नुसतं परवा म्हटलं
तर तो गेलेलाही असू शकतो.

लेपेकानं चपला घातल्या. मला नाही माहीत, म्हणाली,
रडत होती ती, मी काय तारीख विचारू?

मी दोन्ही दिवसांच्या यादीत
खिडकीपाशी एक जागा पेन्सिलीनं धरून ठेवली.
वजनाचा रकाना कोरा.
पिशवी काट्याखाली आहे,
उकाड्यानं कोकोचा वास सुटलाय,
येणारा जाणारा विचारतो.