पहिल्या अक्षरावरून

दाभोळच्या उर्दू शाळेला शंभर वर्षं होणार,
म्हणून माजी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचा फॉर्म
मी केला, गुहागरात बसून, एका रात्रीत,
आणि सगळ्या चौकटी डावीकडून सुरू केल्या.
दुसरी बाजू असते हे ठाऊक होतं.
आठवलं नाही.

सफूरा सरगुरोह बाईंनी पत्ता लिहिला उर्दूत.
पूर्णविराम वाक्याच्या आधीच जाऊन बसला,
यजमानाआधी मांडवात पोचलेल्या पाहुण्यासारखा.
कंसानं पाठ फिरवली.
आणि घर क्रमांक १२-४५ चा
झाला ४५-१२.
"तिथे मुकादमांच्या म्हशी असतात," बाई फोनवर म्हणाल्या,
"आमंत्रण त्यांना जाणार का?"

धोपाव्याहून फेरीबोट धरली.
या बोटीला वळावं लागत नाही,
जाताना जी नाळ तीच येताना शेपूट.
बर्फाच्या लाद्यांचा एक टेम्पो, दोन स्कूटरी,
मी, पोटाशी लॅपटॉप.
खाली खाडी आत येत होती की बाहेर चालली होती,
मला सांगता आलं नसतं.
तिकीटवाल्याला आलं असतं. विचारलं नाही.

बाईंच्या जांभ्याच्या पायरीवर बसून
चौकटीला एवढंच सांगितलं: दिशा तू ठरव.
"म्हणजे?"
म्हणजे ती आता पहिल्या अक्षराची वाट बघते.
अलिफ आला तर उजवीकडून निघते,
अ आला तर डावीकडून.
"आणि आकडा आला तर?"
आकड्यावरून तिला काही कळत नाही.
स्वल्पविरामावरून नाही, आडव्या रेघेवरून तर नाहीच,
ती रेघ शेजारी बघून वळते.
"अशी माणसं आमच्या मोहल्ल्यात पुष्कळ."

घर क्रमांकाला मग वेगळी चौकट दिली.
तेवढ्यात बाईंनी बिलाच्या पाठीवर लिहून दाखवलं:
उर्दूची ओळ उजवीकडून येत होती,
मध्ये आलं साल, १९६८.
पेन उचललं,
चार आकड्यांची जागा सोडून पलीकडे टेकवलं,
तिथून मागे चालत आले आकडे ओळीपाशी,
मग पेननं पुन्हा उडी मारली
आणि ओळ आपल्या वाटेनं पुढे.
"चौतीस वर्षं पोरांना हे शिकवलं.
कुणी याला बिघाड म्हटलं नाही."

नाव त्यांनी परत भरलं, उर्दूत,
आणि पुढे कंसात मराठीत.
दोन्ही कंस एकमेकांकडे तोंड करून उभे राहिले.
मला उगाच बरं वाटलं.

खाली शेवटची चौकट होती: सोबत कोण येणार?
बाईंनी बोट तिच्यावर नेलं आणि तसंच ठेवलं.
वरच्या मजल्यावर कुणाचा तरी पाण्याचा पंप चालू झाला.
रिकाम्या चौकटीत कर्सर अजूनही
डावीकडेच उभा राहून लुकलुकतो;
पहिलं अक्षर आल्याशिवाय त्याला कळायचं कसं.
ते मला अजून दुरुस्त करता आलेलं नाही.

"राहू दे," म्हणाल्या. "पाचची फेरी चुकेल तुझी."