दुसरा स्पर्श

सोहारच्या बाहेर, फलज अल-कबाइलच्या पत्र्याच्या शेडमध्ये
शुक्रवारी डक्टची कामं बंद असतात.
तेव्हा भिवा चौकेकर माझ्यासाठी पानं कापायचा.
पातळ जीआय पत्रा, कडेला दाते,
मधोमध बिजागरी
मोडीत निघालेल्या टूलबॉक्सची.

कागदावर मी सगळं काढून नेलं होतं.
माशी म्हणजे बेअरिंगमधली गोळी.
तिला उतरण, काठ, आणि शेवटी मिटणारं पान.
पानात दोन केस.
पहिल्याला गोळी लागली, तर काही होत नाही.
वीस मोजायच्या आत दुसऱ्याला लागली, की संपलं.

"म्हणजे पयला माफ?" भिवाने विचारलं.
माफ नाही, म्हटलं. झाड खात्री करून घेतं.
वारा असेल, वाळूचा कण असेल.
उगाच मिटणं त्याला परवडत नाही.
"आमच्या फोरमनाक शिकवा ह्या,"
म्हणाला, आणि कातरी पुढे सरकवली.

पहिली स्प्रिंग इतकी जबर
की माझं बोट दोन दिवस निळं होतं.
दुसरी बॉलपेनची, ती लाजत लाजत मिटायची.
जूनमध्ये पत्रा फुगला, दाते एकमेकांत बसेनात.
मध म्हणून काठाला खजुराचा पाक लावला,
तर सकाळी येऊन बघतो
रात्रभर मुंग्या खेळून गेलेल्या,
तीन अजून चिकटलेल्या.
भिवाने त्या ब्रशच्या टोकाने सोडवल्या,
एकेक, नाव घेऊन बोलवावं तशा.

मला त्याला सांगायचं होतं
सीतेची आसवं या फुलांबद्दल.
सड्यावर श्रावणात जांभळा गालिचा,
नाव असं की संशय घ्यायची लाज वाटावी,
आणि खाली ओल्या मातीत
टाचणीच्या डोक्याहून बारीक थैल्या,
जवळून जाणारा जीव आत ओढून घेणाऱ्या.
दोन वर्षं मी त्या थैल्या मोजल्या होत्या
कोल्हापुरात, सूक्ष्मदर्शकाखाली.
इथल्या कार्डावर माझ्यापुढे लिहिलंय: गृहिणी.

"ती फुलां आमच्या सड्यार पण येतत,"
मी न विचारताच तो म्हणाला.
"आत्ता कळला कशाक.
थंय मातयेत काय गावणाच नाय.
मगे खातली काय?"
आणि परत कापायला लागला.
माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण
एवढंच होतं, चाळीस पानांत.

खेळ पहिल्यांदा मांडला कामगारांच्या कँपात,
प्लायवूडच्या टेबलावर, ट्यूबलाइटखाली.
नोआखालीचा मोफिजुल सहा वेळा गिळला गेला.
सातव्यांदा त्याची गोळी सुखरूप पार झाली,
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या,
त्याने नाही.
पानाखाली बोट घालून बघत राहिला.
मग हिंदीत विचारलं,
"और पेड़ कब हारता है?"

मी नियमांचा कागद उलटा केला.
मागे कोरा होता.

खरं तर मला माहीत होतं.
पान चार-पाचदा मिटतं आयुष्यात,
मग काळं पडून गळतं.
रिकामं मिटलं तरी ती खेप मोजली जाते.
हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं,
आणि खेळ बनवताना
मी पूर्ण वेळ माशीच राहिले होते.

पुढच्या शुक्रवारी भिवाने प्रत्येक पानाला
पाच खाचांची चकती बसवली.
मिटलं की एक खाच पुढे.
पाचव्याला पान कायमचं उघडं.
आता झाडाच्या बाजूला बसणाऱ्याचा हात थरथरतो.
कॉलनीतली पोरं तर झाड व्हायला रांग लावतात.

काल शेवटचं पान, शेवटची खाच.
मोफिजुल झाड, भिवा माशी.
गोळी पहिल्या केसाला लागली आणि तिथेच थांबली.
सगळे मोजायला लागले, ज्याच्या त्याच्या भाषेत,
बंगालीत, मलयाळममध्ये,
दारातला वॉचमन सालेम अरबीत,
मी मराठीत, ओठांच्या आत.
अठरापर्यंत कुणाचाच आकडा कुणाशी जुळत नव्हता.
एकोणिसाला भिवा शिंकला.

पान मिटलं.
गोळी आधी हलली की टेबल,
यावर अजून भांडण चालू आहे.