एक महिना, धायरी

कागदाच्या मधोमध पट्टीनं रेघ ओढली.
डावीकडे आवक, उजवीकडे विसर्ग.
छत्तीस वर्षं धरणावर हेच केलं,
दुसरी रीत मला येत नाही.

आवक: हवा.
मार्चअखेर पहाटे चादर लागली,
पैठणला सांगितलं तर खोटं वाटेल.
हृदयाचा डॉक्टर चार किलोमीटरवर.
रक्त घ्यायला पोरगा घरी येतो,
न सांगता चप्पल बाहेर काढतो.

विसर्ग: तेच चार किलोमीटर
संध्याकाळी सहा वाजता पन्नास मिनिटं.
म्हणजे हृदयानं आता घड्याळ बघून दुखावं.
मेन्टेनन्स. पार्किंगचे वेगळे.
आणि टँकर.

टँकरचं आधी हसू आलं.
भिंतीवरच्या पट्टीवर रोज सकाळी आकडा वाचणारा माणूस मी,
दशलक्ष घनमीटरात बोलायचो,
डाव्या कालव्याला किती सोडायचं यावर भांडायचो.
आता चौथ्या मजल्यावरून मोजतो:
दहा हजार लिटर, मागचा कॉक ठिबकतोय,
अर्धी बादली रस्त्यालाच.
खाली बालाजी पाइप जोडतो. उदगीरकडचा.
'मामा, तुमी कोणीकडले?'
सांगितलं.
'मंग तुमाला काय पाण्याचं कवतिक!'
आणि दोघंही त्या ठिबकणाऱ्या कॉककडे बघत राहिलो.

औषधवाल्याला म्हणालो, ती बीपीची देऊन टाका की बापू.
त्यानं चष्म्यावरून पाहिलं.
'कोणती, किती मिलीग्रॅम, ते सांगा.'
बरोबरच होतं त्याचं.
पण हे कुठल्या बाजूला लिहू?

मोहोळकर ब्रोकर दिवसाआड फोन करतात.
काका, या रेटला परत मिळणार नाही.
तिकडचं घर विकावं लागेल.
रझाकभाईंच्या सीताफळाची फांदी आमच्या अंगणात आहे,
फळं आमच्याकडे पडतात,
त्याचा कागद कुठेच नाही.

काल रेघेच्या डावीकडे दुसरं अक्षर दिसलं.
रत्नमालेचं. अख्खा शब्द झाल्यावर मग
वरून शिरोरेघ ओढते ती, अजून.
'इथं आपल्याला कोणी ओळखत नाही.'

मी म्हणालो, चुकून डावीकडे लिहिलंस.
ती मेथी निवडत होती.
'चुकून नाही,' म्हणाली.

आज अकराच्या बायकांच्या बॅचला
ती महापालिकेच्या तलावात उतरली.
वय त्रेसष्ट.
क्वार्टरच्या पायऱ्यांपर्यंत पाणी यायचं आमच्या,
एवढा नाथसागर समोर,
आणि साहेबांची बायको म्हणून ती
घोट्याच्या वर कधी भिजली नाही.
मी हे तेव्हा कुठल्याच वहीत लिहिलं नव्हतं.

पुरुषांना आत सोडत नाहीत.
मी बाहेर बाकावर. मांडीवर तिचा चष्मा,
रुमालात गुंडाळलेलं मंगळसूत्र, दोन केळी.
पाटी वाचली: खोली साडेतीन ते अकरा फूट.
क्लोरिनचं प्रमाण खडूनं, तारीख कालची.
सवयीनं भिंतीवर पट्टी शोधली.
नव्हती.
आतून शिट्टी, मग पाण्याचा आवाज,
मग कोणीतरी मोठ्यानं हसलं.
तो तिचाच आवाज का,
मला ओळखता आलं नाही.

ती आली. केस ओले, मोकळे, भर रस्त्यात.
'कानात पाणी गेलंय,' म्हणाली,
माझ्या खांद्याला धरलं
आणि डोकं तिरकं करून
एका पायावर उड्या मारू लागली.

मोहोळकरांचा फोन वाजत होता.
मी केळं सोलून धरलं.