खेळ खातं

शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर
पावतीपुस्तक घेऊन तिसरी खेप.
दिवाणजी म्हणाले, “कानाचं मशीन घ्या, देतो.
बहिऱ्या पोरांना हलगी कशाला ओ, बाई?”

मी आफ्रीनच्या चपला काढल्या,
काट्याशेजारच्या लाकडी फळीवर तिला उभं केलं.
हमाल दत्तोबानं फळीच्या टोकाला
आकडीच्या दांड्यानं ठेका धरला.
आधी तिचे अंगठे हलले,
मग टाचा,
मग ढेपेवरच्या माश्याही उठल्या.

दिवाणजींच्या वहीत ‘खेळ’ असं खातंच नव्हतं.
‘हमाली’च्या खाली त्यांनी ते नवं लिहिलं,
वाकड्या अक्षरात.

एकवीस फळ्यांचे पैसे झाले.
अजून एकोणीस लागतील मंचाला,
शिवाय श्रीतेजच्या खुर्चीला
चढायला उतार.

उद्या लक्ष्मीपुरी.
आफ्रीन चपला हातात घेऊनच निघालीय.