नंदगडला मी दुभाषी होते

सांबऱ्याच्या विमानतळावर ते सहा जण उतरले
एकसारखे निळे टी-शर्ट घालून,
आणि पाळकसाहेबांनी माईक माझ्याकडे दिला:
शलोमी, तुझं इंग्रजी बरं आहे.

माझं इंग्रजी म्हणजे कॉलेजची तीन वर्षं
आणि खडेबाजारात मोबाईलच्या दुकानातली नोकरी.

शिबिराचं नाव कापडावर रंगवलेलं.
वर कन्नड, मोठ्या अक्षरांत, नियमाप्रमाणे.
खाली मराठी, जरा अंग चोरून.
आणि सगळ्यांत खाली त्यांची कोरियन अक्षरं,
छोट्या छोट्या खिडक्यांसारखी.
निंगाप्पा म्हणाला, ही ओळ कोण पुसायला सांगणार नाही बघ,
कुणाला वाचताच येत नाही की.

हानूल कोरियनमध्ये बोलायचा.
सो-यंग त्याचं इंग्रजी करायची,
मी मराठी,
आणि माझ्यामागून कल्लाप्पा मास्तर कन्नड,
बैलहोंगलहून आलेल्या पोरांसाठी.
एका विनोदाला चारदा हसू यायचं,
लाल बससारखं, थांब्याथांब्याला थांबत,
शेवटी उतरणारे दोघंच.

हानूलचा पेत्र समुद्रावर चालत होता.
माझ्या तोंडून तो मलप्रभेवर आला.
मास्तरांनी त्याला केऱ्यात उतरवलं,
गावच्या केऱ्यात, जिथं गेल्या उन्हाळ्यात
एक पोरगा म्हशी धुताना गेला होता.
मागच्या रांगा एकदम गप्प झाल्या.
हानूलला वाटलं, आपला उपदेश पोचला.
पोचला होताच म्हणा.

दुपारी रस्सीखेच.
फक्कीने रेघ ओढली, दोन गट करा म्हणाला.
पोरांनी करायला वेळ लावला नाही.
कशावरून केले ते त्या सहांपैकी कुणालाच कळलं नाही.
मला कळलं.
मास्तर चष्मा पुसत राहिले,
बराच वेळ, दोन्ही काचा.

रात्री शेकोटी. लाकडं ओली, धूर फार.
हानूल हळू बोलत होता:
आजोबा दहा वर्षांचे असताना आईचा हात सुटला,
आई पलीकडे राहिली, हे अलीकडे.
पत्र नाही. फोन नाही.
सणाला ते उत्तरेकडे तोंड करून वाकतात
आणि जेवायला बसतात.

सो-यंगचा आवाज घोगरा झाला.
ती म्हणाली तो इंग्रजी शब्द सोपा होता,
मराठीत त्याला माझ्याकडे एकच शब्द.
मी म्हटलं, सीमा.

आणि मागून, धुरातून, यशया ओरडला:
झालाच पाहिजे!

सवयीने. लहानपणापासून बापाच्या खांद्यावर बसून
मोर्च्यात म्हणत आला होता,
तोंडातून सुटलं, एवढंच.
कुणी हसलं. कुणी दगड उचलल्यासारखं उठलं.

काय म्हणाला तो, हानूलने विचारलं.
चारही भाषा माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हटलं, तो आमेन म्हणाला.

हानूल उठला, यशयासमोर कमरेत वाकला,
अगदी खाली, केसांना राख लागेपर्यंत.
उठलेला पोरगा हळूच बसला.
मास्तरांनी माझ्याकडे बघितलं
आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच
पुढचं भाषांतर केलं नाही.

ते गेले. जाताना कुंद्याचे सहा डबे दिले.
निळा टी-शर्ट एक राहिला, पाळकसाहेबांची बायको
त्याने आता गाडी पुसते.

परवा हानूलचा निरोप आला:
त्या आमेनवाल्या मुलासाठी मी रोज प्रार्थना करतो.
त्याचं नाव मला नीट लिहून पाठव.

यशया आता शिरोलीच्या फौंड्रीत आहे, रात्रपाळीला.
दर शनिवारी कागलजवळ त्याच्या मोबाईलवर
स्वागताचा संदेश येतो,
सोमवारी उलट दिशेने दुसरा.
दोन्ही तो न वाचता पुसतो.

त्याला फोन करून सांगितलं सगळं.
मागे मशीनचा आवाज, त्यामुळे ओरडून म्हणाला,
प्रार्थना होय? करू दे की.
ओव्हरटाइमचं पण घाल म्हणावं त्यात.

हे इंग्रजीत कसं लिहायचं
त्यावर मी बसून आहे.