शिंपल्यांचा चिखल

पट्टा सुरू झाला की बोलणं बंद.
बटाटे येतात धुऊन, ओलेकच्च,
मी अंगठ्याने साल चाचपते:
गुळगुळीत तो डावीकडे, पोत्यात,
खरबरीत तो उजवीकडे, गुरांच्या ट्रॉलीत.
नऊ हंगाम झाले.
आता डोळे मिटले तरी अंगठा सांगतो
तू कुठं कुठं बसला होतास.

खवड्या,
तुला ना तोंड, ना पाय.
बुरशीसारखा धागा ओढत पसरतोस आणि बुरशीही नाहीस.
बटाटा वाटाण्याएवढा असताना,
त्याची कातडी अजून ठरायची असताना
तू त्याच्या बारक्या श्वासछिद्रापाशी जाऊन बसतोस.
यंदा नेमके तेच तीन आठवडे कोरडे गेले.
बाबा रोज संध्याकाळी कुंपणापाशी उभे राहून
मालपेक खाडीवरच्या ढगांना शिव्या घालायचे,
फ्रेंचमध्ये, म्हणजे मनापासून.

परवा खरेदीदार आला. सभ्य माणूस.
एक बटाटा निवडला, नखाने खपली उचकटली,
खाली पांढराशुभ्र गर.
"बघ, आत काही नाही," बाबा म्हणाले.
"आत कोण बघतंय, आल्बन?"
आणि भाव पाडून, टोपी घालून, गेला.

पणजोबा थिओतिमची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ.
फेब्रुवारीत खाडी गोठली की बर्फाला भोक पाडायचं,
घोडा गोल गोल फिरवायचा
आणि तळातून लोखंडी पंजाने वर काढायचा
शिंपल्यांचा चिखल,
काळा, घाण वासाचा, चुन्याने गच्च.
घसरगाडीमागून घसरगाडी.
प्रिन्स एडवर्ड बेटाची लाल माती आंबट,
तिच्यात क्लोव्हरचं गवत धरत नसे.
चिखल पडला आणि धरलं.
गाई वाढल्या. घराला वरचा मजला चढला.
त्याच्या दोन बोटांची टोकं त्या थंडीत गेली,
ती गोष्टीत नेहमी शेवटी येतात.

अजून नांगराला शिंपल्यांचे तुकडे लागतात.
आणि जिथं लागतात, तिथंच तू दाट.
आंबट मातीत तुझं जमत नाही म्हणे.
म्हणजे बोटं देऊन
म्हाताऱ्याने तुझंही अंथरूण घातलं होतं.

मला तुझा राग येतो, पण पुरता येत नाही.
आजीची बहीण ओर्तांस,
अठ्ठेचाळीस साली क्षयाच्या दवाखान्यात,
रुमालात रक्त.
तिला वाचवलं ते औषध
तुझ्याच एका चुलतभावाच्या पोटातून आलं होतं.
कानात मात्र जन्मभर भुणभुण राहिली.
नव्वदीत गेली ती, आणि तोवर
खवड्याचा बटाटा सोलताना म्हणायची,
"हळू. नातेवाईक आहे."

आणि तो वास.
मे महिन्यात, बर्फ उतरल्यावर, पहिलं फावडं मारलं की
जो वर येतो,
ज्याच्यासाठी बाबा दोन मिनिटं नुसते उभे राहतात,
तोही तुमच्याच घराण्याचा धंदा.
मी हे बाबांना सांगितलेलं नाही.

रविवारी उजवीकडचे दहा-बारा घरी नेले,
किसले, पिळले, कोंबडीचा रस्सा घालून रापुर भाजली.
किसलेल्या बटाट्याला चेहरा नसतो.
बाबांनी दोनदा घेतलं.

उरलेली ट्रॉली गोठ्यात गेली.
गुरांच्या पोटातूनही तू जिवंत निघतोस,
शेतकी खात्याचा पोरगा सांगून गेला,
शेण बटाट्याच्या शेतात टाकू नका म्हणाला.
बाबांनी मान डोलावली.
आज सकाळी पाहिलं तर
ट्रॅक्टर शेण घेऊन त्याच शेताकडे वळत होता.
दुसरं शेत आहे कुठं?