कुळापर्यंत

सिमरोलच्या पुढे, हरभऱ्यात,
पानावरच्या आंबेच्या थेंबाशेजारी
एक काळा कण होता.
बोट जवळ नेलं, तो सरकला.
म्हणून कळलं, की आहे.

मोबाइलवर घड्याळजीचं भिंग, रबरबँडनं बांधलेलं,
गुडघे काळ्या मातीत, श्वास धरलेला.
एक्केचाळीस फोटो. अडतीस नुसतं हिरवं धुकं,
दोन माझ्याच नखाचे.
उरलेल्या एकात तो:
थेंब त्याच्याहून मोठा,
थेंबात उलटं शेत, उलटी मी,
आणि त्याला कशाचं काही नाही.

शेताची मालकीण गेंदाबाई वाकून बघते,
आधी पडद्यावर, मग पानावर.
"यो तो कई नी," म्हणते,
आणि पुन्हा भाजी खुडायला लागते.

रात्री फोटो ताणत बसले.
ताणला की तो मोठा होतो, आणि कमी कमी होत जातो,
शेवटी चौकोन उरतात.
आधी वाटलं फुलकिडा.
पण ह्याचे पंख देठावर,
पळीच्या काठाला कुणी पापण्या चिकटवाव्यात तसे.
मग चिलट? चिलटाला दोनच.
मी चार मोजले. मागचे दोन म्हणजे नुसते दोरे,
ते पंखांत धरायचे का?

झोकरकर सरांना पाठवला.
कृषी महाविद्यालय सुटून त्यांना अकरा वर्षं झाली,
एका डोळ्यात मोतीबिंदू.
सकाळी फोन:
"मिशीच्या टोकाला गाठ आहे, बाई आहे ती."
मी रात्रभर तो-तो करत होते.
"गांधीलमाशीची लांबची कुणी.
तुडतुड्याच्या अंड्यात अंडं घालते.
तिचं सगळं बालपण त्या एका अंड्यात मावतं."
मग थांबले.
"शेजारी मोजपट्टी ठेवायची होतीस.
कुळापर्यंत सांगतो. पुढे नाही."
पुढे म्हणजे?
"जात. त्यासाठी हातात हवी,
मेलेली, स्पिरिटमधली, पंख काचेवर पसरून.
जिवंतपणी जात दिसत नाही गं."
सर खोकले. मग आम्ही दोघंही
जरा वेळ काही बोललो नाही.

पुण्याला नणंदेकडे गेले की विचारतात,
इंदूरचे, ते कळलं, पण मूळचे कुठले?
मी कुलदैवत सांगते. गाव येत नाही सांगता.
कुणीतरी एका घोड्यामागे चालत इकडे आला,
घोडा दुसऱ्याचा होता, एवढंच घरात माहीत आहे.
ते मान हलवतात,
अजून काही हवं असल्यासारखे.

रविवारी परत गेले,
पर्समध्ये फूटपट्टीचा तुकडा
आणि सरांनी दिलेली करंगळीएवढी कुपी.
गेंदाबाईचा तो वाफा खुडून झालेला,
शेंड्यांना नवं फुटलेलं.
बोट चाटून पाहिलं, आंबट.
दुपारपर्यंत वाकून होते.
दिसली का, ते सरांनाही सांगितलेलं नाही.
कुपीचं बूच काढलं नाही, एवढं खरं.

वहीत फोटोखाली लिहिलं:
हरभरा. सिमरोल. सकाळी नऊ वीस.
थेंबाहून लहान.